पहिल्या पटाची तयारी

२ मार्च
क्लबात दंतवैद्यांनी प्यादं पुढे ढकललं आणि सॉरी म्हणून मागे घेतलं. दाढा पण अशाच उपटत असतील. सेक्रेटरींना बाजूला घेऊन झापलं. शाळेत सिस्टरनी शिकवलंय, रूल म्हणजे रूल. आजपासून सोंगटीला हात लावला की तीच खेळायची. दंतवैद्य माझ्याशी बोलत नाहीत. उत्तम.

५ मार्च
पलीकडच्या क्लबाशी मॅच ठरली. आपल्याकडून पहिल्या पटावर, म्हणजे सगळ्यांत मानाच्या जागी, मी की वन्सं, ते रविवारच्या डावावर ठरणार. म्हणजे ठरलेलंच आहे. ह्यांच्या बहिणीला बुद्धिबळ शिकवलं कोणी? मीच. तरी एक ओपनिंग पाठ करतेय. घोडा, उंट, कॅसलिंग, की काळा आटोपला.

७ मार्च
भाजी चिरताना चाली म्हटल्या. बोट कापलं, चाल चुकली नाही. हे विचारतात, समोरच्याने वेगळंच काही खेळलं तर? ज्यांना घोडा कसा चालतो ते ठाऊक नाही, त्यांनी बोलू नये.

९ मार्च, संध्याकाळ
जिंकले.

९ मार्च, जेवणानंतर
लिहूनच टाकते. तिसऱ्या चालीला माझा उंट बाहेर आला आणि वन्संनी त्याच्यावर घोडा घातला. पुस्तकात तसं नाही, म्हणून मी पाहिलंच नाही. ऐटीत कॅसलिंग करून बसले. उंट फुकट जाणार होता. सेक्रेटरी चहा ओतत होते, दंतवैद्य पाठमोरे, खिडकीशी. वन्सं हळूच म्हणाल्या, "वहिनी, उंट बघा. घ्या मागे, कुणी बघत नाहीये."
घेतलं मागे.

१० मार्च
रूल परक्यांसाठी असतो. घरच्या घरात कसला रूल? वन्संचा फोन आला होता. मी आंघोळीला गेलेय असं ह्यांना सांगायला लावलं. दोनदा.

१६ मार्च
सेक्रेटरींना हौस फार. माझं विजयी ओपनिंग म्हणे सगळ्यांना समजावून सांगा. भिंतीवरच्या मोठ्या पटापाशी उभी राहिले. उंट बाहेर काढला तोच दंतवैद्यांनी सेक्रेटरींकडे बघत विचारलं, इथे काळ्याने उंटावर घोडा घातला तर? मी उंट उगाच सरळ करत राहिले. वन्संच म्हणाल्या, "वहिनी आधी उंट हलवतात. त्यांना दिसतं."
कान तापले. सेक्रेटरींना सांगून टाकलं, पहिला पट वन्संना द्या, मला हल्ली जवळचं नीट दिसत नाही.
दंतवैद्य दोन आठवड्यांनी माझ्याशी बोलले. म्हणाले, "खिडकीशी बसत जा. काचेत सगळं स्वच्छ दिसतं."