साळवीनं शिकवलेली साक्ष

९ जानेवारी
आज साळवी आला होता. जासईच्या कंटेनर यार्डातला सेफ्टी ऑफिसर. माझा दीर इम्तियाज हॉस्पिटलात पडून होता तेव्हा एकदाही फिरकला नाही, आणि आज सफरचंदं काय, खजूर काय, अम्मांना वाकून सलाम काय! म्हणाला, कामगारांच्या सुरक्षेचा आणि आरोग्याचा नवा कायदा येतोय, विधिमंडळाची समिती लोकांचं म्हणणं ऐकायला पनवेलला येणार आहे. "इम्तियाजनं बोलायलाच हवं, वहिनी. मी स्वतः घेऊन जातो त्याला."
कंपनीचा माणूस. कंपनीविरुद्ध बोलायला. कंपनीच्याच गाडीतून?
अम्मा खूश. मी खजुराला हात लावला नाही.

११ जाने.
यांना दोहाला फोन केला. धाकट्या भावाचं नाव काढलं की यांचा आवाज बसतो. म्हणाले, "जाऊ दे त्याला. कुणीतरी विचारतंय ना." मी म्हटलं, विचारणारा कोण ते बघा. तर म्हणे, तुला सगळ्यांचाच शक येतो.
येतो. दीर धडधाकट जासईला कामावर गेला, सांगितलं म्हणून कंटेनरचं दार उघडलं. आत कीड मारायचा गॅस कोंडलाय, हे कुणी सांगितलंच नाही. आता उजवा हात थरथरतो आणि बोलता बोलता शब्द हरवतात. त्याला भर सभेत उभं करायचं. अडखळला की लोक म्हणणार, याला काय आठवतंय!
तेच हवं असेल तर?

१४ जाने.
बळीराम तिळगूळ घेऊन आला. इम्तियाजबरोबर कामाला होता, त्यानंच त्याला ओढून बाहेर काढलं होतं. दारातच उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "भाबी, त्या सालवीचा भरोसा धरू नको. आमाला पन सांगून गेलाय, सुनावनीत ठेकेदाराचं नाव घ्या, मालकाचं घ्यायचं नाय."
मग डोक्यात प्रकाश पडला. नव्या कायद्यात म्हणे असं आहे की माणूस ठेकेदाराचा असला तरी जबाबदारी यार्डाच्या मालकाची. ते कलम कंपनीला काढून टाकायचंय. आणि ते काढा म्हणून सांगायला माणूस कोण, तर आमचा इम्तियाज.

१७ जाने.
युनिफॉर्मची शिलाई करत होते. आतून आवाज आला. इम्तियाज आरशासमोर. "यार्डमध्ये सुरक्षेला प्रथम प्राधान्य दिले जाते. सदर दुर्घटना ठेकेदाराच्या निष्काळजीपणामुळे..."
सदर! आमच्या घरात हा शब्द आजवर कुणी उच्चारलेला नाही.
"कुणी शिकवलं हे?"
"सर येतात ना. खाली चहावाल्याकडे. तू मशीनवर असतेस तेव्हा."
मी खूप बोलले. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सरांशिवाय येतं कोण भाभी, माझ्याशी बोलायला?"
मी परत मशीनवर जाऊन बसले.

१९ जाने.
साळवीला फोन करून सांगितलं, तो येणार नाही. म्हणाला, "वहिनी, तो आला नाही तर माझ्यावर येईल."
काय येईल? फोन कट.
इम्तियाजनं ऐकलं असावं. जेवला नाही. "मी जाणार." हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदाच कशाचा तरी हट्ट धरला त्यानं. ठीक आहे. पण मी सोबत जाणार, आणि रिक्षानं. त्या गाडीत पाय ठेवायचा नाही.

२२ जाने.
सुनावणी झाली.
स्टेजवर समिती, मध्ये अध्यक्षबाई. पुढच्या रांगा कंपन्यांच्या, साळवीही त्यातच. कामगार सगळे मागे. यार्डाचा वकील गोड बोलला. कायद्याला विरोध नाही, फक्त त्या एका कलमात थोडा बदल...
मग इम्तियाजचं नाव पुकारलं. माइक दोन्ही हातांनी धरला. "यार्डमध्ये सुरक्षेला प्रथम प्राधान्य..." आणि थांबला. मी मनात दुआ करत होते, खाली बस, बस खाली.
अध्यक्षबाई म्हणाल्या, "सावकाश. घाई नाही."
इम्तियाज म्हणाला, "पुढचं विसरलो, मॅडम. साळवी सरांना विचारा. त्यांनी शिकवलंय."
सगळा हॉल हसला. मागे तर शिट्ट्या. बाई हसल्या नाहीत. "कोण साळवी? उभे राहा."
साळवी उभा राहिला. वकील त्याची बाही ओढत होता.
"काय शिकवलंत यांना?"
तो इम्तियाजकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दार उघडायला मी सांगितलं होतं. आतला गॅस मोजायच्या आधी. माल लवकर सोडा म्हणून वरून फोन होता."
"वरून म्हणजे कुणाचा?"
वकील ताडकन उठला, हा विषय इथला नाही म्हणाला. गोंधळ. बाई म्हणाल्या, "साळवी, हे सगळं लेखी द्या. नावासकट. मुदत आहे अजून." आणि पुढचं नाव पुकारलं.
येताना रिक्षात इम्तियाजनं फालुदा मागितला, एवढंच.

२३ जाने.
सकाळी विचारलं, "खरं सांग, विसरला होतास?"
"काय?"
"काल. पुढचं वाक्य."
"कुठलं वाक्य?" म्हणाला आणि पावावर जॅम लावत बसला. नीट, कडेपर्यंत.
इतकी वर्षं ओळखते याला. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.
आणि साळवी? माणसाला पाझर फुटला, की नुसतं 'वर' बोट दाखवून स्वतःची कातडी वाचवली? अम्मा म्हणतात, अल्ला कुणाचंही दिल फिरवतो. असेलही.

२७ जाने.
साळवी आलाय. दाढी वाढलेली, हातात कोरे कागद. कंपनीनं घरी बसवलंय म्हणे, गाडीही काढून घेतली. मी गॅलरीतून रस्ता बघून घेतला. गाडी दिसली नाही. गल्लीच्या पलीकडे लावली असेल तर?
म्हणाला, "वहिनी, लेखी द्यायचंय. त्या दिवशी तिथं कोण कोण होतं, कुणी काय ऐकलं, ते इम्तियाजच्या तोंडून एकदा ऐकायचंय. माझं चुकायला नको."
बरोबर आहे. किंवा आम्हाला किती माहीत आहे ते काढून घ्यायचंय.
मी म्हटलं, आधी तुमचं लिहा, फोन कुणाचा होता तिथपासून. तो दारातच उभा. मी काही वाट सोडली नाही. इम्तियाजनंच खुर्ची आणून ठेवली, म्हणाला, "बसा सर. भाभी, चहा."
हे ओट्याशी उभ्यानं लिहितेय. पडदा थोडा सरकवलाय. साळवीनं पेन उघडलंय, कागदावर अजून टेकवलेलं नाही. इम्तियाज त्याच्याकडे वाकून काहीतरी हळूच सांगतोय, आणि या वेळी मान डोलावतोय तो साळवी.
चहा उतू गेला.