विहंगशी जवळीक, सहा आठवड्यांत

९ नोव्हेंबर, रविवार
आज विहंग घरी आला. जात शुगर ग्लायडर. खारीपेक्षा लहान, करडा, पाठीवर काळी रेघ. हातापायांमधली कातडी ताणून तो हवेत तरंगत जातो. ऑफिसमधला शेजारच्या टेबलावरचा ऋषभ बदलीवर चेन्नईला चालला आहे. पिंजरा माझ्या पायाशी ठेवून म्हणाला, तू शांत आहेस, तूच सांभाळशील. मी सर्व बाजूंनी विचार करून होकार दिला. तोवर तो लिफ्टने खाली पोचला होता.

आईची अट स्पष्ट आहे. संक्रांतीपर्यंत कोलकात्यात तुझं म्हणावं असं कोणी झालं नाही, तर राजीनामा द्यायचा आणि सांगलीला परत यायचं. न्यू टाउनच्या या नोकरीला सहा महिने झाले; अजून लिफ्टमनचे नावही विचारायचे राहिले आहे. मात्र ‘कोणी’ म्हणजे माणूसच, असे आई म्हणाली नव्हती.

१० नोव्हेंबर
ऋषभने दिलेली चाळीस पानांची पुस्तिका दोनदा वाचली. समासात टिपा काढल्या. जवळीक साधण्यास सर्वसाधारणपणे दहा आठवडे लागतात. दहावीला तालुक्यात पहिल्या आलेल्या मुलीस सहा पुरावेत. वेळापत्रक भिंतीवर लावले.

१२ नोव्हेंबर
पान ११ : स्वतःच्या वापरातील मऊ कापड पिंजऱ्यात ठेवावे व रोज बदलावे. जुन्या फ्लॅनेलचे चार चौकोन कापले. दिवसभर एक गळ्याशी बाळगते आणि मग स्वच्छ धुते. पारोसे कापड पाहुण्याच्या अंथरुणात घालणे ही आमच्या घरची रीत नव्हे. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी हे गृहीतच धरले असावे.

गच्चीवर वाळलेले कपडे प्रतिभाकाकू खाली आणतात. मी त्यांच्याकडे पेइंग गेस्ट आहे. तीन पिढ्या कोलकात्यात काढल्यामुळे त्या बंगाल्यांप्रमाणे पाणीसुद्धा ‘खातात’. मी त्यांना दुरुस्त करीत नाही. उन्हाने गरम झालेला कपड्यांचा गठ्ठा उशाला घेऊन त्या दुपारी झोपतात, मग घड्या घालतात. त्यांच्या केसांना खोबरेल आणि गुडघ्यांना कापूर असतो. चालायचेच.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
पान १४ : लहान तंबूत प्राण्यासोबत बसावे. तंबू नाही, मच्छरदाणी आहे. मी आत बसले, विहंग जाळीच्या छतावर. पुस्तिकेनुसार मृदू आवाजात बोलायचे होते. काय बोलावे ते सुचेना, म्हणून शाळेची निबंधवही वाचून दाखवली. त्याने ‘वेळेचे महत्त्व’ पूर्ण ऐकले. ‘माझा आवडता ऋतू’ सुरू होताच खाली उतरून अंगठ्याला चावला. विषयाची आवड-निवड असणे हे बुद्धिमत्तेचे लक्षण आहे.

३० नोव्हेंबर
तीन आठवड्यांचे प्रगतिपुस्तक. विहंग : हजेरी १००, वर्तन ४०. मी : प्रयत्न १००, जवळीक ३५. उत्तीर्ण. चावे मोजलेले नाहीत. ते अभ्यासक्रमाबाहेरचे आहेत.

४ डिसेंबर
तो दिवसा झोपतो. म्हणून पान १९ प्रमाणे त्याला कापडी पाउचमध्ये घालून, स्वेटरखाली ठेवून ऑफिसला नेले. मीटिंगमध्ये तो जागा झाला आणि मिक्सरमध्ये दाण्याचे कूट व्हावे तसा ओरडू लागला. मॅनेजर वसंतसर म्हणाले, कुणाचा तरी लॅपटॉप गेला. मी माझा बंद केला. आवाज थांबेना. शेवटी मी बाहेर जाऊन उभी राहिले. कोणी काही विचारले नाही. माझे मौन आता ऑफिसच्या अंगवळणी पडले आहे.

१४ डिसेंबर
काकू पहिल्यांदाच खोलीत आल्या. थंडीत काय खाशील, इथली तांदळाची गोड पिठे करते, असे विचारीत होत्या. विहंग पडद्याच्या दांडीवर होता. तिथून त्याने सरळ झेप घेतली, काकूंच्या खांद्यावर उतरला आणि अंबाड्यात तोंड खुपसून बसला. काकू जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, अगं बाई, हा कोण गं, शोना की काय. त्या बंगालीत लाडाने ‘शोना’, म्हणजे सोन्या, म्हणताच त्याने मान वर केली. ‘विहंग’ म्हणून मी पाच आठवडे हाका मारते आहे.

२१ डिसेंबर
सहा आठवडे पूर्ण. मुदत वाढवून नऊ केली आहे. खरी परीक्षा संक्रांतीलाच. काकूंनी त्याला चोरून काही खायला घातले असेल, असे वाटून चौकशी केली. म्हणाल्या, एक दाणा नाही, देवाशप्पथ. तो आता संध्याकाळी त्यांच्या शालीत झोपतो. मी शेजारच्या खुर्चीवर बसून निबंध वाचते. हे त्रिपक्षीय सत्र समजावे.

४ जानेवारी
विहंगला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काकू सोबत आल्या, कारण पाउचमध्ये तो माझ्याकडे राहत नाही. डॉक्टर म्हणाले, याला नाव-चेहरा गौण, वास महत्त्वाचा. न धुतलेलं कापड ठेवलंत ना? मी म्हटले, रोज धुऊन ठेवते. डॉक्टरांनी चष्मा काढला. मग काकूंनी दुपारची झोप, कपड्यांचा गठ्ठा, खोबरेल, कापूर असे सगळे हसत हसत सांगितले.

म्हणजे आठ आठवडे मी अत्यंत पद्धतशीरपणे त्याला काकूंशी जवळीक साधून दिली.

१४ जानेवारी, संक्रांत
आईचा व्हिडिओ कॉल. काकूंची शाल पांघरून बसले. विहंग खांद्यावर शांत होता. मी म्हटले, हा माझा. आई स्क्रीनजवळ येऊन म्हणाली, शाल कुणाची गं? काढ बघू. मी काढली. शालीबरोबर तोही गेला.

तेवढ्यात काकू तिळाच्या वड्या घेऊन आल्या. आईने त्यांना फोन द्यायला सांगितला. दोघी चाळीस मिनिटे बोलत होत्या. काकूंचे माझ्या कानावर एवढेच आले : ती माझीच आहे हो, तुम्ही कशाला काळजी करता, जरा ताप वाटला तर मीच जाऊ देणार नाही ऑफिसला. फोन परत आला तेव्हा आई म्हणाली, राहा तिथेच. प्राण्याबद्दल एक शब्द नाही. म्हणजे मूळ मुद्दा अनिर्णितच राहिला.

रात्री संकल्प : उद्या सुट्टी घेतली आहे. अंघोळ करायची नाही. दिवसभर तेच कापड गळ्याशी ठेवायचे, आणि न धुता पिंजऱ्यात घालायचे.

१५ जानेवारी
सकाळी सहाला जाग आली. साडेसहाला अंघोळ झाली. कापडही धुतले. लक्षात आले तेव्हा ते गच्चीवर वाळत होते.