पानांची शाल

लुधियाना,
रविवार, दुपार

प्रिय ताय,

बाळीचा फोटो बघितला. कपाळ आपल्या आयचं हाय. नाक भावजींचं आलंय, ते थोडं कमी आलं असतं तर बरं झालं असतं, पण आता चालवून घेऊ. मुठी कशा आवळून धरल्यात! तू कशी आहेस? अळीव खातेस का? आबांचा फोन आला होता. डिंकाचे लाडू काशीबाय काकीने करून दिलेत म्हणाले, आणि बारशाला तांदळाचं पोतं घेऊन पोलादपुरातनं सकाळच्या गाडीने निघणार म्हणाले. बारसं तुम्ही महाडातली चवदार तळ्याची वीस मार्चची गर्दी ओसरल्यावर ठेवलंत ते बरं केलंत.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. कारण हाय, शेवटी सांगतो. दिवाळीला मी कार्ड पाठवलं होतं ते तुझ्या सासूबायनी, म्हणजे कमळाबाय मावशींनी, सगळ्यांना वाचून दाखवलं आणि लाल पेनाने चुका काढून ठेवल्या, हे तूच मला हसत सांगितलं होतंस. बत्तीस वर्षं शाळेत बाई होत्या, सवय जायची कशी. या पत्रात तर त्याहून जास्त चुका असतील. आठवीपर्यंतच बाकावर बसलो मी, आणि तेही बसलो असं मास्तर म्हणणार नायत.

इथे उन्हाळा लागला की कारखान्यात थंडीचं काम सुरू होतं. स्वेटर, मफलर, शाली. सगळ्या मशिनींवर बाप्येच. दाढीवाले, पगडीवाले, दोन पोरांचे बाप. लोकरीचा तंतू तुटला की वाकून गाठ मारतात, आणि कुणाला त्यात काही वाटत नाय. मी हॉटेलात टिकलो नाय, एमआयडीसीत टिकलो नाय, सुरतेला सहा महिने कसेबसे काढले. इथे तिसरं वर्ष चाललंय. लोक विचारतात, हा कसा टिकला. मी सांगतो, पगार बरा हाय. खरं कारण तुला ठाऊक हाय.

तुला ठाऊक असलेलंच मी आज पुन्हा लिहिणार हाय. कंटाळू नको, वाच.

आय महाबळेश्वरच्या दुकानदारासाठी विणायची. घाटातून एसटीने लोकरीचं पोतं यायचं आणि महिन्याने त्याच पोत्यातून स्वेटर वर जायचे. तुला शिकवायला बसली की तुझे टाके इतके ढिले पडायचे की त्यातनं बोट आरपार जायचं. तू म्हणायचीस, आय, मला भाकऱ्या थापायला सांग, हे नको गो. आणि मी एका जागी ठरत नव्हतो म्हणून तिने माझ्या हातात सुया दिल्या. हात गुंतले की पाय आपोआप बसतात, म्हणायची. तसंच झालं. सुलट, उलट, मग जाळीचा टाका, मग पानांची वीण. रंग निवडायलाही ती मलाच पुढे करायची. दुकानदाराने पिवळ्याबरोबर जांभळी लोकर पाठवली की मी म्हणायचो, ही दोन एकत्र नको, भांडतात. ती हसायची आणि माझं ऐकायची.

मग शेजारच्या राजेशने पाहिलं. अंगणात येऊन ओरडला, "ओंक्या, आता बांगड्या पण भर की रे! हळदीकुंकवाला येतोस काय?" वाडीतली पोरं कितीतरी दिवस मला वहिनी म्हणून हाक मारत होती. तेव्हापासून मी माळ्यावर चढून विणायला लागलो. ती मोरपंखी शाल मी माळ्यावरच केली. एकदा खालून राजेशची हाक आली तशा सुया तांदळाच्या कणगीत खुपसल्या आणि पळालो. परत आलो तर कुठून सोडलं होतं ते कळेना, चुकीच्या बाजूने सुरुवात केली, आणि एक पान उलट्या अंगाला वळलं. फार पुढे गेल्यावर ध्यानात आलं. मी उसवणार होतो. आय म्हणाली, राहू दे, ही दुकानात नाय द्यायची, आपल्या घरात ठेवू. म्हणून ती शाल घरात राहिली. म्हणून तुला बघायला पाहुणे आले त्या दिवशी ती खाटेवर अंथरलेली होती.

तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाय. मावशी शालीवर बसल्याच नाहीत, बाजूला सरकल्या, तिच्यावरनं हात फिरवला आणि म्हणाल्या, "अहो, ही कुणी विणली हो?" आय चहाचा ट्रे घेऊन उभी. तिचं तोंड फुललं. "ही होय, ही तर आमच्या..." म्हणत तिने माझ्याकडे बघितलं. मी दारात होतो. मागे राजेश खुर्च्या लावत होता. मी आयकडे डोळे वटारून मान हलवली. तू खाली मान घालून पाटावर बसली होतीस, पण तू ते बघितलंस. आणि मान वर करून म्हणालीस, "मी." ट्रेमधला चहा बशीत सांडला. मावशी म्हणाल्या, "वळण आहे हो मुलीच्या हाताला." आय नंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाय. तुझ्याशीही नाय. लग्नात शाल तुझ्या पेटीतून महाडला गेली, आणि पुढच्या पावसात आय गेली. शाल कुणाची हे तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाय, पण माझ्याकडे बघून जे हसणार होती ते हसू तिने गिळलं, ते मी बघितलं होतं.

तुला दिवस गेल्यावर मावशींनी बाजारातून आभाळी आणि पांढरी लोकर आणली. साऱ्या आळीला सांगून मोकळ्या झाल्या की पहिलं नातवंड आपल्या आईने विणलेल्या शालीत पाळण्यात जाणार, त्याच पानांच्या विणीच्या. महाडच्या उन्हात लोकर कशाला, असं तू म्हणून बघितलंस, तर म्हणाल्या, पाळण्यात घालण्यापुरती गं. तू त्यांच्यासमोर दोन ओळी विणायचीस आणि त्या देवळात गेल्या की उसवायचीस. तुझी नणंद मानसी म्हणाली, वहिनी, मला शिकव, तर तू तिला सांगितलंस की डॉक्टरांनी विणकाम मना केलंय. गच्चीवरून फोनवर हे सांगताना तू इतकी हसलीस की मीही हसलो. मग हसता हसता तुझा आवाज फाटला. मी म्हटलं, सांगून टाक ना त्यांना. तू म्हणालीस, "गप रे. तुझं लग्न व्हायचंय. सुया घेऊन बसणाऱ्याला कोण मुलगी देईल?"

पोटात बाळ, घरात सासूची वाट बघणारी नजर, आणि तू अजून माझीच लाज झाकत होतीस. तो फोन ठेवल्यावर मला स्वतःचं तोंड आरशात बघवेना.

माझ्याकडून विणून घ्यायला तू चोरून पाठवलेली लोकर मिळाली. वेष्टनावर बघितलं तर लुधियान्याचीच. इथून तिकडे गेली, तिकडून इथे आली, माझ्यापेक्षा जास्त फिरली. खोलीचं दार लावून विणत होतो. माझा खोलीतला सोबती रामप्रवेश, बिहारचा, कामावरून लवकर आला. मी शाल उशीखाली कोंबली आणि तो नेमका त्या उशीवर बसला. सुई लागली तसा बोंबलत उठला. शाल बाहेर. तो आता हसणार म्हणून मी आधीच कानापर्यंत तापलो. त्याने शाल उजेडात धरली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "भैया, हमारी बिटिया के लिए टोपी बना दोगे?" बस, एवढंच. हसला नाय. त्या वेळी जेवढी लाज वाटली तेवढी राजेशच्या हाकेने कधी वाटली नव्हती. एवढ्याशा गोष्टीसाठी मी तुला खोट्यात ढकललं, आणि आयचं हसू घालवलं.

शाल होत आलीय. पानांची एक ओळ राहिलीय. तू सांगितलंस की आबांकडे पाठव, ते तांदळाच्या पोत्यात दडवून आणतील, कुणाला दिसणार नाय. ताय, मी ती पाठवणार नाय. सुयांसकट घेऊन मीच येतोय. आणि फोन न करता पत्र का, तर फोन तुझ्या हातात असतो, तू मला परत गप केलं असतंस. तुमच्या घरात आलेलं पाकीट मात्र आधी कुणाच्या हातात जातं ते मला माहीत हाय. मावशी, नमस्कार करतो. सुरुवातीपासून तुम्हीच वाचताय. ती शाल मी विणली. ताय खोटं बोलली ते माझ्यासाठी, मला पोरं हसली असती म्हणून. पेटीतून काढून बघा, डाव्या कोपऱ्यापाशी एक पान उलटं हाय. तायला ते आजवर दिसलेलंसुद्धा नाय, विचारा तिला. बारशाच्या दिवशी सगळ्या बायका जमल्या की मी तुमच्या ओटीवर बसून राहिलेली ओळ पुरी करीन, मग बाळीला पाळण्यात घाला. राजेशलाही बोलावलंय. हसायचं त्याने समोर बसून हसावं. मानसीला शिकायचं असेल तर तिलाही शिकवीन. तुम्हाला जे बोलायचं ते मला बोला, मी खाली मान घालून ऐकेन. पत्रातल्या चुका लाल पेनाने काढा. फक्त ओल्या बाळंतिणीला रागावू नका. आणि वाचून झालं की हे पत्र तिच्या हातात द्या.

ताय, चिडली असशील. चिड. मी येतोय.

तुझाच,
माळ्यावरून खाली उतरलेला,
ओंकार