अतिरिक्त क्षमता

दादा,

काल जेवताना तू कंपनीचं पत्र मोठ्याने वाचलंस. "'अतिरिक्त क्षमता मुक्त करत आहोत.' ऐकलंस का गं छकुले? बावीस वर्षं मशीनं दुरुस्त केली, आणि मी क्षमता! कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?" वहिनी रडता रडता हसली, म्हणून मीही हसले.

ते गाढव मी आहे.

मुख्य कार्यालयात बसून मीच तो मजकूर रचला. कामावरून कमी करायच्या माणसांच्या यादीत नुसते क्रमांक होते. पक्षपात नको म्हणून नावं झाकायची, हा नियमही माझाच. तुझा क्रमांक मला ठाऊक नव्हता. पण ठाऊक असता, तर तेवढाच वगळून बाकीचे एक्केचाळीस जण मी खुशाल 'मुक्त' केले असते. हे मला एका जागी बसू देत नाही.

सकाळपासून तीन कागद फाडले. तिन्हींवर पहिलं वाक्य एकच उतरलं: 'झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' आम्ही! माफी मागतानाही मी त्या शब्दाआड लपते.

हा चौथाही फाडते आणि तुझ्या दारात येते. शिव्या घाल, पण मला तोंडाने सांगू दे.

तुझीच,
छकुली