कुरुमिदाइरा स्टेशनावरची डोकेमोजणी

तीर्थरूप फुमिएताईस,

धाकट्या तोकुजीचा कमरेतून वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तेवढाच). इकडे डोंगरमाथे पांढरे दिसू लागलेत, नासपती उतरवून झाल्या आणि माझी तब्येत ठणठणीत आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींनी सिगारेट सोडली, की अजून परसात जाऊन ओढतात आणि तुला कळत नाही असं समजतात?

आमच्या स्टेशनाची बातमी तुझ्या कानावर आली असेलच. कुरुमिदाइरा आणि वरचं ओकुनोसावा, या दोहोंपैकी एकाच ठिकाणी पुढच्या वसंतापासून गाडी थांबणार. कंपनीने ठरवलं, एक दिवस दोन्हीकडे माणूस बसवायचा आणि गाडीत चढणारी डोकी मोजायची. जिथे जास्त, ते स्टेशन राहील. आता आमच्याकडे रोज चढणारे दोघंच. दात बसवून घेणारे सुनाओशी आजोबा, आणि मी. (स्टेशनावर कोणी नेमलेला नाही. झाडलोट मी करतो, म्हणून टोपीही मीच घालतो. कंपनीने आजवर हरकत घेतलेली नाही.)

मग योजना आखली ती मीच. गावात दुसऱ्या कोणाला डोकं आहे अशी माझी माहिती नाही. सगळ्यांनी नऊ बाराची गाडी पकडायची, ओकुनोसावाला उतरायचं आणि नदीकाठाने चार किलोमीटर चालत घरी यायचं. एकतीस माणसं चढली, ताई! सुनाओशी आजोबा तर नव्या दातांसकट हसत होते. मोजणाऱ्या पोराच्या बोटांना घाम फुटला. आता परक्या गावात जायचं ते मोकळ्या हाताने कसं जाणार? म्हणून घरटी चार नासपती फडक्यात बांधून घ्यायला मीच सांगितलं होतं. आपल्या आईने आपल्याला तेवढं वळण लावलंय.

वर ओकुनोसावाच्या स्टेशनाची व्यवस्था हिरात्सुका बाई बघतात. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, बाई एकट्या असतात, आणि भयंकर कावेबाज आहेत. फलाटावर चहा, लोणचं, तांदळाचे गोड मोची-लाडू, सगळं मांडून बसल्या होत्या. आम्ही नासपती दिल्या. बाईंनी तीनदा नको नको म्हटलं, चौथ्यांदा घेतल्या, आणि उलट भेट म्हणून प्रत्येकाच्या हातात दोन-दोन मुळे ठेवले. ताई, ओकुनोसावाचा मुळा तुला माहीत आहे. तान्ह्या पोराएवढा असतो. मी म्हटलं, "आम्ही चालत निघालो होतो हो." तर म्हणाल्या, "एवढं ओझं घेऊन? अहो मास्तर, लोक माझ्या तोंडात शेण घालतील! ती बघा गाडी आलीच." आणि वाकून वाकून एकतीसच्या एकतीस जणांना गाडीत चढवलं. त्यांचा मोजणारा मोजतच होता. त्यांच्या गावचे स्वतःचे चार. पस्तीस विरुद्ध एकतीस!

परतीच्या गाडीत सगळ्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. फक्त सुनाओशी आजोबा म्हणाले, "तोकुजी, पुढच्या वेळी नासपती नेऊ नकोस, नुसत्या शिव्या देऊन ये."

पण मी हार मानणाऱ्यातला नाही. कंपनीला अकरा पानी हरकतपत्र धाडलं (दहा पानं ऋतुमान आणि क्षेमकुशल, एक पान मुद्दा) आणि फेरमोजणी मिळवली! नोव्हेंबरचा तिसरा रविवार. विजय निश्चित समज. दरम्यान शत्रूवर माझी नजर आहे. बाईंनी त्या दिवशी बरोबर दिलेला लोणच्याचा डबा परत द्यायला गेलो, रिकामा देणं बरं दिसेना म्हणून चेस्टनट भरले. बाईंनी त्यात उकडलेले बटाटे घालून परत पाठवला. बटाट्यांवर मी गप्प बसणं शक्य नव्हतं. डब्याच्या आजवर नऊ फेऱ्या झाल्या. एवढ्या जवळून शत्रूची पाहणी क्वचितच कोणी केली असेल. (बटाटे उत्तम होते.)

भावोजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
तोकुजी

ता. क. १: फेरमोजणीला तुम्ही यायलाच हवं. दोन्ही मुलगे, सुना, नातवंडं, मिळून नऊ डोकी होतात. आदल्या दिवशी मोटारीने या, अंथरुणं उन्हात घालून ठेवतो.

ता. क. २: गाडीत मात्र आमच्या स्टेशनावर चढू नका. वर जाऊन ओकुनोसावाला चढा, आणि गावात कोणाला सांगू नका. हिरात्सुका बाईंचं स्टेशन बंद झालं तर त्यांचा मुलगा त्यांना लांब सेंदाई शहरात घेऊन जाणार आहे. डबा हातात देताना त्यांनीच सांगितलं. मला ते नको आहे, ताई. आमचं बंद झालं तर गाव मला वर्षभर शिव्या घालेल, त्या मी ऐकेन. मी कुठे जाणार आहे? चार किलोमीटर तर आहे, डबा घेऊन चालत जाईन.