दवाखान्याचे डोहाळे

सोमवार, ३ फेब्रुवारी

बांगडी चढेना! चंद्रप्पा कासारानं साबण लावला, खोबरेल लावलं, शेवटी स्वतःचाच घाम पुसला. उद्या डोहाळजेवण आणि माझे हात टम्म!

सासूबाई मात्र खूश. ‘बघा, सून कशी भरली! ह्या उमाबाईच्या घरचं तूप हाय ते!’ अख्ख्या देवणी गावाला ऐकू जावं असं. म्हटलं, आत्या, ही सूज आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, सूज आली, डोकं दुखलं की लगेच या. मागच्या वेळी आपण गेलोच नाही—

‘जिभेला हाड हाय का? शुभकार्यात मागचं काढू नको.’

मागचं म्हणजे माझं पहिलं बाळ. पोटातच गेलं. घरात कुणी त्याचा विषयसुद्धा काढत नाही. मला रोज आठवतं.

मंगळवार, ४

डोहाळजेवण झालं. पाय सुजलेत म्हणून शेजारच्या धोंडाबाई म्हणाल्या, मुलगा. तोंड सुजलंय म्हणून बाकीच्या म्हणाल्या, मुलगी. जोरात भांडल्या! बीपी कुणाच्याच ध्यानात नाही.

शुक्रवार, ७

डोकं ठणकून राहिलंय. उदगीरला दवाखान्यात जाते म्हटलं, तर सासूबाई आडव्या. ‘आठवा लागलाय. आठव्यात शीव ओलांडायची न्हाई!’

नवऱ्याला गाठलं दुकानात. सोमेशराव गल्ल्यावरून म्हणतात, ‘आईचं बी खरं हाय, तुझं बी खरं हाय.’

‘मग आम्ही दोघी मिळून बाळंत होऊ का?’

गिऱ्हाईक खो-खो हसलं. ह्यांनी गडबडीत त्याला साखर जास्त दिली.

शनिवार, ८, सकाळी

बाळ कमी हलून राहिलंय. भ्या वाटतंय. लई.

दुपारी, जीपमध्ये

जमलं! सासूबाई सगळं मोडतील, पण डोहाळा मोडणार नाहीत. डोहाळा राहिला की बाळाचे कान फुटतात म्हणे. थंडीत कैरी मागितली तर ह्यांना लातूरला पिटाळलं होतं! मी गेले सरळ चुलीपाशी.

‘आत्या, मला डोहाळे लागलेत.’

‘सांग माय, काय खावं वाटतंय?’

‘दवाखाना.’

हातातली भाकरी तशीच राहिली. ‘दवाखान्याचे डोहाळे कुणाला लागतेत का गं!’

‘मला लागलेत. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजावं वाटतंय. आत्ताच्या आत्ता!’

धोंडाबाई दारातूनच म्हणाल्या, ‘डोहाळा हाय बाई, अडवू नये.’ सासूबाईंनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला, ‘आठव्याची चूक पोटात घाल रे महादेवा’ म्हणाल्या, आणि माझ्याआधी जीपमध्ये चढून बसल्या!

संध्याकाळी, उदगीर

बीपी भलतंच चढलंय. सिझर करायचं म्हणतात, लगेच. डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, ‘आजी, ही सूज तुपाची नाही. बीपी असं वाढलं की बाळाला रक्त पुरत नाही. पोटातच दगावतं.’

सासूबाईंनी दोनदा विचारलं, ‘सुजंनं? ह्या सुजंनं?’ तेव्हापासून बोटांवर काहीतरी मोजत बसल्यात. मला त्याचंच जास्त भ्या वाटून राहिलं.

सोमवार, १०

मुलगी. इवलीशी. काचेच्या पेटीत ठेवलीय, पण रडली! मोठ्यानं रडली!

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, ‘सोमेशच्या आधी माझ्या तीन गेल्या गं. पोटातच. तिन्ही वेळी अश्शीच सुजले व्हते. लोकांनी मला पांढऱ्या पायाची ठरवलं. मला बी ते खरंच वाटलं.’