गोलात कोण उभा राहणार

॥ श्री ॥
कानपूर, १२ सप्टेंबर १९६८

ती. सौ. अक्कास,
नीलकंठचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्यात माझ्या गुडघ्याची चौकशी अर्ध्या ओळीत, आणि बाकी सगळं पत्र बाळूचं. बाळू युनिव्हर्सिटीच्या हॉकी टीममधून असा खेळला, बाळूला गल्लीतल्या लोकांनी खांद्यावर घेतलं, बाळूनं अमकं अडवलं नि तमकं अडवलं. अगं, मीही गोलकीपरच आहे, आठवतं ना? गंगेपलीकडच्या रेतीत त्याला गोलात उभं राहायला शिकवलं ते मीच.

मिलमध्ये त्याच्यासाठी शब्द टाक म्हणतेस. कुणापाशी टाकू? अकरा वर्षं मी बिस्तरा बांधून गावोगाव हिंडतोय. गोरखपूरला रेल्वेच्या टीममध्ये बाकावर बसलो, जबलपूरला फॅक्टरीच्या टीममध्ये बसलो, कलकत्त्याच्या क्लबनं तर पॅडंसुद्धा घरून आणायला सांगितली. सगळीकडे मी दुसरा गोलकीपर. पहिल्याला ताप आला तर मी, आणि त्या पहिल्यांच्या तब्येती अशा ठणठणीत की विचारू नकोस! कानपूरच्या मिलनं गेल्या वर्षी मला पहिला केला. आता मी आपल्या हातानं घरातलाच दुसरा आणून मागे बसवू? जागा नाही म्हणून सांग त्याला.

तुझी भावजय लीला मजेत आहे. ती म्हणते, मी जळतो. काहीतरीच! मी आपलं खरं ते लिहितो.

भावोजींना नमस्कार. तुझा लोभ आहेच. त्यातला माझा वाटा बाळूच्या पानात वाढू नकोस, एवढंच मागणं.

तुझा
नीलकंठ


॥ श्री ॥
काशी, ३० सप्टेंबर १९६८

चि. नीलकंठ यास,
शरदिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे हसून हसून लाल झाले. म्हणाले, तुझ्या भावाच्या पोटातलं कागदावर सांडलंय. मला मात्र हसू आलं नाही. आई गेली तेव्हा बाळू तीन वर्षांचा होता, तू पंधराचा. मी सासरी दोघांनाही घेऊन आले, तेव्हा कुणाच्या पानात किती वाढायचं ते मला शिकवू नकोस.

आता ऐक. मिलच्या सेक्रेटरींनी बाळूला लखनौला खेळताना पाहिलं आणि आपण होऊन बोलावलं. म्हणजे जागा होती तर! मी काही बोलत नाही. दसरा झाला की तो निघेल. त्याला तुमच्याकडेच ठेवून घ्या. कारलं खात नाही, लीलाला सांगून ठेव.

आणखी एक गोष्ट. जानेवारीत ढालीचे सामने यंदा बनारसला आहेत. तुमची मिल येणारच. तू गोरखपूरला गेलास त्या वर्षी मी संकठादेवीला नवस बोलले होते, की माझा भाऊ एकदा बनारसच्या मैदानात, सगळ्या गावादेखत गोलात उभा राहू दे, चोळी-पातळानं ओटी भरीन. देवीनं ऐकलं बघ! येशील तेव्हा पॅडं मात्र ओसरीतच ठेव. मागच्या खेपेला कातड्याची ती धुडं थेट देवघराच्या दारात आणलीस, मला सगळं घर धुवून काढावं लागलं.

लीलाला आशीर्वाद. माझी माया कुठे आटत नाही, तू पत्र पाठवायला आळस करू नकोस.

तुझी
अक्का


॥ श्री ॥
कानपूर, ६ नोव्हेंबर १९६८

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

भाऊबीजेला रजा मिळाली नाही. ओवाळणी मनिऑर्डरनं पाठवली, ती मिळाली असेल.

बाळू महिनाभर आमच्याकडे आहे. कारलंही खातो, लीलानं केलेलं. गुणी आहे, घरात पाणी भरतो, मला दादा दादा करतो, आणि मैदानावर माझं रक्त आटवतो. ते नवीन पेनल्टी स्ट्रोकचं प्रकरण आलंय ना, एकटा माणूस समोर उभा राहून मारतो आणि गोलकीपरनं एकट्यानं अडवायचं, त्यात मी अजून चाचपडतो. आमच्या वेळी हे नव्हतं. हा पोरगा ते खेळता खेळता अडवतो आणि वर शीळ घालतो. कप्तानसाहेब सरदारजी आहेत, बोलायला मोकळे. परवा सगळ्यांसमोर म्हणाले की बनारसला कोणता पाळंदे उभा करायचा ते अजून बघावं लागेल.

अक्का, लीला म्हणत होती ते खरं आहे. मी जळतो. रात्री जेवताना त्याच्या ताटाकडे बघूनसुद्धा जळतो. मला ढाल नको, पेपरात फोटो नको. ज्या गावानं मला अकरा वर्षं विचारलं की काय रे, सध्या कुठे बसलेला असतोस, त्या गावासमोर मला एकदा उभं राहायचंय. बाळूपुढे अख्खं आयुष्य पडलंय. मी तेहतिशीला आलो, मला पुढल्या वर्षी कोण ठेवणार?

आणि तो तुझा नवस! नाव घेतलं होतंस का माझं? भटाभिक्षुकांच्या घरातली तू. आपल्याकडे नाव-गोत्र उच्चारल्याशिवाय कुणी पळीभर पाणी सोडत नाही, आणि तू देवीपाशी जाऊन नुसतं माझा भाऊ म्हणालीस? देवीनं काय समजायचं? तिला भाऊ दोन दिसणार, आणि तिनं चांगला तो निवडला तर तिचा काय दोष! तुझ्या पाया पडतो, परत जा आणि माझं नाव सांग.

आशीर्वाद असू दे, आणि तो नावानिशी असू दे.

तुझा
नीलकंठ


॥ श्री ॥
काशी, १६ नोव्हेंबर १९६८

चि. नीलकंठ यास अनेक आशीर्वाद.

मूर्ख आहेस झालं. तेव्हा बाळू अर्ध्या चड्डीत पतंगामागे धावत होता, त्याच्यासाठी कोण कशाला नवस बोलेल? पण तुझं पत्र वाचल्यापासून माझ्याही मनात किडा शिरला. यांना विचारलं. हे नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, चुकलंच, संकल्प नावावाचून लुळा. वर हेही म्हणाले की तू आता आमच्या गोत्राची, भावासाठी मागताना माहेरचं गोत्र सांग, नाहीतर फळ आमच्या घराण्यात येईल आणि या वयात मला पॅडं बांधावी लागतील.

शुक्रवारी गेले. गर्दी होती, तरी पुढे घुसले, आणि कौशिक गोत्रातला नीलकंठ म्हणून स्पष्ट सांगितलं. झालं समाधान? मला नाही झालं. पायऱ्या उतरताना रडू आलं. ज्या पोराला पोटाशी धरून निजवलं, त्याला मागे ठेव म्हणून मी देवीला सांगून आले. तुझ्यासाठी केलं, नीलकंठ. पुन्हा असलं काही मागू नकोस.

सामन्याच्या दिवशी तुम्ही दोघं इथेच जेवायचं. पुरणपोळी करते. एकमेकांशी धड वागा.

तुझी
अक्का


॥ श्री ॥
कानपूर, २७ जानेवारी १९६९

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू पानं मांडून वाट बघितलीस आणि मी टीमबरोबर तसाच स्टेशनवर गेलो. रागावली असशील. रागव. बाळूला ठेवून आलोय, त्याच्याकडून तुला बाकीचं कळलं असेलच, पण माझं माझ्याकडून ऐक.

फायनलच्या सकाळी कप्तानांनी मला बाजूला घेऊन विचारलं की दोघांतला कोण. मी सांगितलं, बाळूला सर्दी झालीय, डोळ्यांतून पाणी येतंय. सर्दी झाली होती गं. पण एवढी नव्हती.

मी उभा राहिलो, आणि अक्का, उभ्या जन्मात असा खेळलो नाही! आपला एक गोल झाला आणि मग ते लोक माझ्यावर तुटून पडले. पायानं अडवलं, छातीनं अडवलं, एकदा तर मुठीवर घेतलं, अंगठा अजून काळानिळा आहे. शेवटी पेनल्टी स्ट्रोक दिला त्यांना. तोही अडवला. जिंकलो.

आणि पहिल्या चेंडूपासून सारं गाव ओरडत होतं, जियो बाळू! वाह रे बाळू! लाउडस्पीकरवाला नुसतं आपले पाळंदे, आपले पाळंदे करत होता. चण आमची सारखी, नाक सारखं, वर कपाळावर ओढलेली टोपी. बाळूला ते तीन वर्षं बघताहेत, मला कोण ओळखतो? मी अडवायचो आणि नाव त्याचं व्हायचं. जितकं चांगलं अडवायचो तितकं जास्त व्हायचं. एका क्षणी वाटलं, एक सोडून द्यावा, म्हणजे तरी शिव्या त्याला बसतील.

बाहेर आलो तर चौकातला पानवाला गळ्यात पडून म्हणाला की बाळूभैया, तुमचे थोरले बंधू हल्ली कुठे असतात. मग तुझ्या घरी येऊन पुरणपोळी कशी गिळणार होतो? ओटी मात्र भर. देवीनं तिचं काम केलं.

रागावलीस तरी पत्र टाक. तुझ्याशिवाय मला नावानं हाक मारणारं कोण आहे?

तुझा
नीलकंठ


॥ श्री ॥
काशी, २ फेब्रुवारी १९६९

ती. दादास,
बाळूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र अक्कानं मला वाचायला दिलं. माझं मराठी लिहिणं तुला माहीत आहे, चुका झाल्या तर माफ कर. पण सच सांगतो.

मी बाकावर मफलर गुंडाळून बसलो होतो, आणि माझा नुसता जळून कोळसा झाला होता. कप्तानांना तू काय सांगितलंस ते त्यांनी मला तिथेच सांगितलं. मी देवाला म्हणत होतो, एक तरी जाऊ दे आत. दोन गेले तर बहुतच बरं. आणि वर माझ्याच नावाचा गजर! वाटलं, वा रे न्याय, जागा दादाची, वाहवा माझी, आणि मी इथे कुडकुडत बसलोय.

पण तू तो स्ट्रोक अडवलास ना, तेव्हा मला राहवलं नाही. तसं मला जमलं नसतं. मी डावीकडे गेलो असतो आणि गोल झाला असता. मी बाकावर चढलो आणि गळा फाटेपर्यंत ओरडलो की तो नीलकंठ आहे, माझा दादा आहे. मागच्या लोकांनी माझं धोतर ओढावं तशी पँट ओढून मला खाली बसवलं. म्हणाले, सामनेसे हट जाओ भैया, बाळूला जरा बघू द्या.

अक्काला हे सांगितलं तर ती आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावून आत निघून गेली. पुरणपोळ्या दोन दिवस मीच खाल्ल्या.

गोरखपूरहून रेल्वेचं बोलावणं आलंय. दुसरा गोलकीपर म्हणून. मी जातो आहे, कप्तानांनाही कळवलं. तुझ्या मागे बसून तुझा गुडघा कधी दुखतो याची वाट बघायची मला लाज वाटते, आणि कानपूरला बसलो तर मी दोन महिन्यांत तेच करायला लागेन. परक्या माणसाबद्दल तसं वाटलं तर चालतं.

एकच सांगायचंय. तू इतक्यात सोडू नकोस. दोन वर्षं कशीही काढ. तोवर मी तिकडे पहिला होईन. मग एका मॅचमध्ये एका टोकाला तू आणि एका टोकाला मी. तुझ्यावर चेंडू येऊ नयेत असं मी मुळीच म्हणणार नाही. खूप यावेत, आणि मी समोरून सगळं बघत असावं, बाकावरून नव्हे.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर जीव असू दे, दादा. जळायचं तेवढं जळ, मीही कमी जळत नाही.

तुझा
बाळू